कुत्र्याचं तोंड, कांगारूचं गोत

टास्मानियातल्या होबार्टला येणारे लोक आधी कुनान्यी डोंगर चढतात. मी बंदरालगतच्या संग्रहालयात शिरलो, एका कवटीसाठी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कुत्र्याची कवटी हाताळली होती. काचेआडची ही तिची सख्खी बहीण वाटावी. सुळे तसेच, मुस्कट तसंच लांबोडकं. उलटी केली तरच बिंग फुटतं: टाळूला दोन मोठी भोकं. हा थायलसिन, म्हणजे टास्मानियन वाघ. वाघ नव्हेच, लांडगाही नव्हे, कांगारूच्या गोतावळ्यातला. लांडग्याचे आणि याचे पूर्वज सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. धंदा मात्र दोघांचा एकच, शिकारीचा. त्यानंच तोंडवळा सारखा करून टाकला.

खरा फरक बाळंतपणात. लांडग्याचं पिल्लू आईच्या वारेवर पोसून पोटातच बऱ्यापैकी घडतं. पिशवीवाल्यांत वार नावापुरती. शेंगदाण्याएवढा, कधी त्याहूनही इवला जीव बाहेर पडतो आणि पुढच्या पायांनी आईचे केस धरत पिशवीकडे सरपटतो. उरलेली सगळी वाढ दुधावर. म्हणजे पुढचे पाय जन्मतःच कामाचे हवेत. या कुळात ना वटवाघूळ निपजलं ना देवमासा, याचं कारण काही शास्त्रज्ञ इथंच शोधतात. पण याला कमीपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुष्काळात लाल कांगारूचं पिशवीतलं पिल्लू दगावलं, तरी पोटात थांबवून ठेवलेला पुढचा गर्भ तयारच असतो!

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचे थायलसिन सुमारे ३,००० वर्षांपूर्वी संपले. माणसाबरोबर आलेल्या डिंगो कुत्र्यांवर बरेच जण ठपका ठेवतात. बासची सामुद्रधुनी मधे होती, डिंगो टास्मानियात पोचलेच नाहीत, आणि थायलसिन तिथं तगले. मग मेंढ्या आल्या. १८८८ ते १९०९ या काळात मारून आणलेल्या मोठ्या थायलसिनमागे एक पौंड या दरानं सरकारनं बक्षिसं वाटली, एकूण दोन हजारांवर. हा जबडा मेंढी लोळवण्याइतका दणकट नव्हता, असं अलीकडचा अभ्यास सांगतो. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याला लांडगा म्हटलं आणि शिक्षाही लांडग्याचीच दिली.

दुपारी क्वीन्स डोमेनच्या उतारावर गेलो. ब्यूमॅरिस प्राणिसंग्रहालय इथं होतं. १० जुलै १९३६ ला थायलसिनला कायद्याचं संरक्षण मिळालं. ७ सप्टेंबरला इथल्या पिंजऱ्यातली शेवटची मादी मेली. ५९ दिवस. तिचे अवशेष हरवले असंच सगळे धरून चालले होते. २०२२ साली ते त्या बंदरालगतच्या संग्रहालयातच, एका कपाटात सापडले. कातडी कोणाची हे ठाऊक नसतानाच ती पूर्वी शाळाशाळांतून दाखवत फिरवली होती. कितीतरी पोरांनी त्या काळ्या पट्ट्यांवरून हात फिरवला असेल.