११८ ग्रॅम

मे २०२१. तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि आमच्या गोठ्यामागची शिवण आडवी झाली. घरात सगळे हळहळत होते, मला मात्र तिच्यात लुअर दिसत होते. लुअर म्हणजे जिताड्याला फसवायचा लाकडी खोटा मासा.

साग जड आणि तेलकट, रंग नीट धरत नाही. पांगारा इतका मऊ की मासा ओढायला लागला की गळाचा स्क्रू उपटून येतो. शिवण दोन्हींच्या मधली. सरळ रेषांचं लाकूड निवडून, खोडाचा अगदी मधला भाग टाळून, ४ सेंटिमीटर जाड आणि १५ सेंटिमीटर लांब तुकडे पाडले.

दोन तुकडे पुण्याला आणून लगेच लेथवर कातले. पंधरा दिवसांत ते लंबगोल! लाकूड सुकताना वलयांच्या कडेकडेने जास्त आकसतं, वलयांना छेदून साधारण निम्मंच. रंग तडकला, पाणी आत शिरलं, मासा कुशीवर पोहायला लागला. घाई माझी होती.

बाबांना फोन केला. आमचे फोन एरवी ‘जेवलास?’ ‘हो’वर संपायचे. म्हटलं, उरलेल्या तुकड्यांच्या टोकांना मेण लावा. तिथून पाणी भराभर उडतं, म्हणून भेगा तिथेच पडतात. मग माळ्यावर, मध्ये काठ्या घालून, वारा खेळेल असे रचा. एकावर खूण करा आणि दर रविवारी वजन कळवा.

पहिला मेसेज आला: १७१. मग १५२, १३८, १२४. ऑगस्टमध्ये अचानक १२६.

“वाढला कसा?” बाबांनी स्वतःहून फोन केला. पावसाळी हवेतला ओलावा लाकूड परत पितं, मी सांगितलं. बोलणं अर्धा तास चाललं. आजोबा त्याच शिवणीखाली जाळं दुरुस्त करत बसायचे, हे मला तेव्हा कळलं.

डिसेंबरात लागोपाठ तीन रविवार ११८. वजन थांबलं की लाकूड तयार, हा नियम मीच त्यांना सांगितला होता. तरी लिहिलं, ‘अजून थोडं बघूया.’

उत्तर आलं: ‘सुकला ता. तू कधी येतलस?’

नाताळच्या सुट्टीत छोटा लेथ गाडीत टाकून गावी गेलो. पहिला लुअर बाबांनी कातला. अजून गोलच आहे.