मामांचं बिल आणि सोर्समधून बांधलेलं पायथॉन

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या मामांचं छोटंसं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, लेथवर चढतं आणि त्याचं बिल एका म्हाताऱ्या लिनक्स पीसीवर निघतं. बिलाचा प्रोग्रॅम पायथॉन 2.7 मधला. या 2.7 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला, पण मामांच्या धंद्याला ते कुणी कळवलं नाही!

अडचण एकच. गिऱ्हाइकांची मराठी नावं छापताना शेवटी कचरा यायचा. 'कोल्हापूर' आपण चार अक्षरांत वाचतो. पायथॉन 2 ची साधी स्ट्रिंग युटीएफ-8 चे बाइट मोजते आणि 27 सांगते. पायथॉन 3 काना, मात्रा, हलन्त सुटे धरून 9 म्हणतं. आता रकान्यासाठी नाव विसाव्या बाइटला कापलं, तर सातव्या चिन्हाचे तुकडे होणारच. पायथॉन 3 मध्ये फार तर एखादा काना सुटेल, कचरा येणार नाही.

तर नवं पायथॉन हवं. डिस्ट्रो जुनी, तिच्याकडे हवी ती आवृत्ती नाही. म्हटलं, सोर्समधून बांधू. मामांचा प्रश्न रोकडा होता, "आरं, नवं बसवताना जुनं बिघडलं तर? सोमवारी गाडी भरायची हाय."

"मामा, जुन्याला हातच लावत नाही, थांबा की."

सगळी गंमत इथेच आहे मंडळी. पायथॉन स्वतः सी भाषेत लिहिलेलं आहे. सोर्स उघडून 'कॉन्फिगर' चालवलं की ते कंपायलर आणि लायब्रऱ्या तपासतं. त्याच वेळी 'प्रीफिक्स' देऊन सांगायचं, की बाबा रे, तुझा सगळा संसार माझ्या होम फोल्डरमधल्या या एका कोपऱ्यात. मग 'मेक'. ऑप्टिमायझेशनचा पर्याय मी सोडला, कारण त्यात पायथॉन एकदा बांधून, चालवून, मोजमाप घेऊन पुन्हा बांधलं जातं. म्हाताऱ्या पीसीला एवढा व्यायाम कशाला?

'मेक' संपताना जे मॉड्यूल बांधता आले नाहीत त्यांची यादी येते. बरेच जण ती न वाचताच चहाला उठतात. आमच्या यादीत एसएसएल होतं आणि एसक्यूलाइट होतं. एसएसएलशिवाय बिलाचं काही अडत नाही, पण मामांची सगळी खाती एसक्यूलाइटमध्ये! लायब्ररी मशीनवर होती, फक्त तिच्या हेडर फाइल्सचं 'डेव्ह' पॅकेज नव्हतं. ते टाकलं, पुन्हा कॉन्फिगर, पुन्हा मेक. शेवटी 'इन्स्टॉल'ऐवजी 'आल्टइन्स्टॉल', म्हणजे नुसतं 'पायथॉन3' हे नाव कुणी बळकावत नाही, आवृत्तीच्या आकड्यासकट वेगळं नाव मिळतं.

खात्यांची कॉपी घेऊन प्रोग्रॅम नव्या पायथॉनवर आणला, नावं नीट उमटली. जुनं 2.7 शेजारी जसंच्या तसं. नवं नको झालं तर एक फोल्डर उडवायचा, बास.

अर्थात पॅकेज मिळत असेल तर पॅकेजच घ्या. आपण बांधलेल्याला सुरक्षेचे अपडेट आपोआप येत नाहीत, ती जबाबदारी आता माझी. म्हणून आवृत्ती आणि फोल्डरचं नाव मामांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. दर सुट्टीत तिकडे नजर जाईलच.