पाण्याची पाळी

रात्रीचे अकरा. ऑकलंडच्या खोलीत लॅपटॉपवर तीन दिवसांपासून एकच शब्द होता: 'पेंडिंग'. भूकंपलहरींचं माझं गणन महासंगणकाच्या रांगेत अडकलं होतं. पोस्टडॉकचं कंत्राट संपायला चार महिने उरलेले, आणि पुढची नोकरी याच शोधनिबंधावर अवलंबून.

या यंत्राचं नाव महुइका. माओरी कथांमधली ही अग्नीची देवता. तिच्या नखांत आग असते आणि माउई ती एकेक करून मागून घेतो. वेलिंग्टनमध्ये २०१८ साली सुरू झालेल्या दोन यंत्रांना या दोघांचीच नावं दिली. पन्नास लाखांच्या थोड्या वर वस्तीच्या या देशात प्रत्येकाने वेगळा महासंगणक घेणं परवडत नाही. म्हणून २०११ पासून विद्यापीठं, संशोधन संस्था आणि सरकार 'नेसी' नावाच्या व्यवस्थेत एकत्र पैसे घालू लागले.

हे सगळं ठाऊक असूनही मी चिडले होते. मी पुण्यात वाढले. अमेरिकेने महासंगणक नाकारला, तेव्हा सी-डॅकने १९९१ मध्ये आपला 'परम' बनवला, ही आमच्याकडची अभिमानाची गोष्ट. मी गटप्रमुखांना म्हटलं, "अनुदानातून आपलं स्वतःचंच यंत्र घेऊ." ते म्हणाले, "आधी मदतकक्षाला विचार."

तिथल्या माणसाने माझा जॉब पाहिला. मी दोनशे जीबी मेमरी मागितली होती. आधीच्या जॉबमध्ये वापर वीसच्याही आत होता. "असू दे जास्तीची" म्हणून टाकलेला आकडा. तेवढी जागा एकदम मोकळी होईपर्यंत मी थांबणार, आणि मिळाल्यावर उरलेली मेमरी दुसऱ्या कुणाला मिळणार नाही.

मला आजोळ आठवलं. साक्री तालुक्यातलं, पांझरेकाठचं. तिथल्या फड बागायतीत बंधारा सगळ्यांचा, पाट सगळ्यांचा. एका फडात सगळे एकच पीक घेणार, पाटकरी पाळीने पाणी देणार. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवायचे, ते आधीच बसून ठरवायचं. आजोबांना पाणी चोरणाऱ्यापेक्षा, वाफा भरल्यावरही बारं न मोडता गप्पा मारत बसणाऱ्याचा जास्त राग यायचा. त्या रात्री ती मी होते.

आकडा चोवीसवर आणला. पहाटे जॉब सुरू झाला. निबंधही वेळेत गेला.

पुढच्या महिन्यात गटाच्या येत्या वर्षाच्या गरजेचा अर्ज भरायला बसलो. मी एक आकडा लिहिला, मागचा वापर काढून पाहिला, आणि तो खोडला.