दार अडून बसते तेव्हा

अमेरिकेत मुलेबाळे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना तिकडील गॅरेजचे स्वयंचलित दार आता अपरिचित राहिलेले नाही. बटण दाबताच ते सरसर वर जाऊन छताखाली आडवे होते आणि पुन्हा दाबताच मुकाट खाली येते. विजेवर दार उघडण्याची ही युक्ती सी. जी. जॉन्सन यांनी १९२६ साली काढली. आपल्या जुन्या वाड्यांतील अडसर सरकवावयास घरातले माणूस लागे. येथे ते काम यंत्र करते. मात्र ते अडून बसले, तर का अडले हे शांतपणे शोधावे लागते.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही उभयता बडोद्याहून न्यू जर्सीस लेकीकडे गेलो असता हाच प्रसंग आला. संध्याकाळी दार हातभर खाली येई, थबके आणि परत वर जाई. यंत्रावरील दिवा लुकलुकू लागे. सकाळी तेच दार बिनतक्रार मिटे. एका परिचितांनी तोडगा सुचविला: खालचे दोन्ही ‘डोळे’ काढून एकमेकांसमोर बांधून टाका, म्हणजे कटकट मिटेल. परंतु आमची नात चार वर्षांची. दार उतरू लागले, की त्याखालून धावत निसटणे हा तिचा आवडता खेळ. तो तोडगा आम्हांस मुळीच मानवला नाही.

हे डोळे म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंस, जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसविलेले सेन्सर. एकाकडून अदृश्य किरण निघतो, दुसरा तो टिपतो. मध्ये कोणी आले, की उतरते दार माघारी फिरते. अशा दारांखाली सापडून मुले दगावली, म्हणून अमेरिकेत १९९० साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती यंत्रांना अशी राखण सक्तीची झाली. ती बांधून ठेवणे म्हणजे पहारेकऱ्याच्याच डोळ्यांवर पट्टी बांधणे होय.

मग आम्ही क्रमाने पाहू लागलो. दिवा लागत होता. अर्थात वीज होती. रिमोटऐवजी भिंतीवरचे बटण दाबले तरी तेच घडे. तेव्हा दोष रिमोटच्या सेलचा नव्हता. दार वर सुरळीत जाई. म्हणजे मोटर व स्प्रिंग ठीक होती. भिंतीवरील बटण दाबून धरले, की मात्र दार पुरते मिटे. संशय डोळ्यांवरच आला. काचा मऊ फडक्याने पुसल्या, कोळिष्टके काढली, तरी फरक पडेना. अखेर सौभाग्यवतींच्या ध्यानी आले, की दार पश्चिमाभिमुख आहे आणि ऑक्टोबरातील मावळतीचे, किंचित दक्षिणेकडे कललेले ऊन उत्तरेकडच्या, किरण टिपणाऱ्या डोळ्यात थेट शिरते. उन्हाळ्यात सूर्य वायव्येस मावळतो, म्हणून तेव्हा तक्रार नव्हती. त्यांनी छत्रीची सावली धरली आणि दार निमूट मिटले! पुढे स्वयंपाकघरातील कागदी रुमालांच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी कापून त्या डोळ्यास टोपी केली. खर्च शून्य.

दोन गोष्टी मात्र मुलांकडे राहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवाव्यात. दाराचे शंभर पौंडांहून अधिक वजन मोटर नव्हे, तर स्प्रिंग पेलते. ती तुटल्यास स्वतः हात लावू नये. जाणकार कारागीरच बोलवावा, आणि दार उघडे असेल तर सुटकेची तांबडी दोरीही ओढू नये, कारण दार धाडकन कोसळते. दुसरे, महिन्यातून एकदा दीड इंच जाडीची फळी दाराखाली आडवी ठेवून पाहावे. फळीस टेकताच दार परतले पाहिजे. न परतल्यास दुरुस्ती होईपर्यंत ते वापरू नये आणि पोराबाळांना त्याच्या आसपासही फिरकू देऊ नये.