न बोलणाऱ्या दोन वायरी

आमच्या टीममध्ये एक काका आहेत. पन्नाशीचे, म्हणून सगळेच काका म्हणतात. १९९८ च्या शेवटी खासगी कंपन्यांना इंटरनेट विकायची परवानगी मिळाली, त्यानंतर ते एका आयएसपीकडे सिरीयल केबल बनवायचे. सिस्को २५११ नावाचा ॲक्सेस सर्व्हर, त्याला सोळा पोर्ट, प्रत्येक पोर्टला एक मोडेम, प्रत्येक मोडेमला एक फोनलाइन. म्हणजे एका वेळी सोळा गिऱ्हाइकं, बास!

आता गंमत बघा. मोडेमच्या मागे २५ पिना. पण डेटा यायला-जायला तीनच पुरतात: दोन, तीन आणि सात नंबरचं ग्राउंड. तेवढ्या जोडल्या की नेट चालू. नवशिक्याला वाटतं, झालं काम.

"आणि गिऱ्हाइकाने फोन ठेवला की?" हा काकांचा आवडता प्रश्न.

लाइन तुटली की मोडेम आठव्या पिनवरचा कॅरिअर डिटेक्ट खाली पाडतो. ती वायरच नसेल तर सर्व्हरला पत्ता नाही. सेशन चालू, बिचाऱ्याच्या पॅकमधले तासही चालू. त्यात त्याच लाइनवर दुसरा कुणी लागला, तर तो थेट आधीच्याच्या उघड्या सेशनमध्ये! उलट बाजूने विसावी पिन, डीटीआर. सर्व्हरला फोन ठेवायचा असेल तर तो ही सोडतो. ती नसेल तर मोडेम लाइन धरून बसतो.

आम्हा भिवंडीकरांना हे पटकन कळतं. यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की एक छोटा काटा ते ओळखून माग थांबवतो. काटा कापड विणत नाही, पण तो नसेल तर माग धाग्याविना नुसता खडखडत राहतो.

मोडेम गेले म्हणून सुटलो असं नाही हं. राउटरच्या कन्सोल पोर्टला बहुतेकदा ही सोय नसतेच. केबल उपटली तरी लॉगिन तसंच, टाइमआउट होईपर्यंत. सिस्कोत तो मुळात दहा मिनिटांचा, पण सारखं लॉगिन करायचा कंटाळा म्हणून लोक शून्य करून ठेवतात. म्हणजे कधीच नाही!

गेल्या महिन्यात भिवंडीतल्याच एका गोदामात केबल लावली, एंटर मारला, आणि पासवर्ड न विचारता समोर ॲडमिनचा प्रॉम्प्ट. कोण, कधी उघडा टाकून गेला देव जाणे. आधी पाच मिनिटांचा टाइमआउट टाकला, मग ज्यासाठी गेलो होतो त्या कामाला लागलो.