पाळी चुकली की या

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, धारूर आणि वडवणीच्या मधल्या एका गावात मी २९ वर्षं नर्सबाई होते. उपकेंद्राच्या दोन खोल्या, पुढं लिंबाचं झाड आणि आत वह्यांचं लोखंडी कपाट. त्यातली पात्र जोडप्यांची नोंदवही मी दरवर्षी नव्यानं भरायची. गावात नवी सून आली की तिचं नाव, नवऱ्याचं नाव, वय, मुलं किती. नव्या सुनेच्या नावापुढं मुलांच्या रकान्यात शून्य मांडायचं आणि तिला सांगायचं, "पाळी चुकली की या." किती जणींना हे सांगितलं असेल, त्याची मोजदाद नाही. निवृत्तीनंतर ज्या चुका आठवतात, त्यांत सगळ्यात मोठी चूक म्हणजे हे वाक्य.

ऐकायला ते बरोबर वाटतं. मलाही वाटायचं. पाळी चुकली की नाव नोंदवायचं, वजन करायचं, धनुर्वाताची सुई द्यायची, लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या. आईची काळजी आमच्या लेखी तिथून सुरू व्हायची. पण आमचा बीड जिल्हा ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं तेवढी उरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये संसार भरून कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं, नाहीतर कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. जोडीची उचल मिळते म्हणून कितीतरी लग्नं हंगामाच्या आधी उरकली जातात. सप्टेंबरात मी जिला 'पाळी चुकली की या' म्हणायची, तिची पाळी चुकायची कुठल्यातरी लांबच्या फडात. ती माझ्यासमोर यायची तेव्हा चार-पाच महिने होऊन गेलेले असायचे.

त्यांतल्या एकीचं सांगते. नाव लिहीत नाही, कारण ते तिचं आहे.

ती लग्न होऊन आली तेव्हा सासूनं वय अठरा सांगितलं. पोरीची मनगटं बघूनच कळत होतं की ही सोळाच्या वर नाही. मी १८ लिहिलं. सासूशी वाद घातला तर उद्या गावात कोण दारात उभं करेल, असा विचार केला. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर दहा बायांमधल्या चौघींची लग्नं अठराच्या आत झालेली दिसली. माझ्या वहीत मात्र सगळ्या सुना अठराच्या होत्या. त्या दिवशी तिचं वजन ३७ किलो भरलं. तो आकडा मी लिहून घेतला आणि पुढच्या बाईला हाक मारली.

पहिलं बाळ मोठ्या दवाखान्यात झालं. पाठीच्या खालच्या बाजूला पाण्यानं भरलेला फोड होता, मणका तिथं जुळलेलाच नव्हता. बाळाचे पाय हलत नव्हते. अकराव्या दिवशी ते गेलं.

पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर ती एकटीच उपकेंद्रावर आली. पदराच्या गाठीतून दवाखान्याचा कागद काढून तिनं टेबलावर सरळ केला. म्हणाली, "बाई, डॉक्टर म्हनले पुढच्या टायमाला आधी गोळ्या खायच्या. ह्याच्यावर लिवलंय." मी वाचलं. फॉलिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम, दिवस राहायच्या तीन महिने आधीपासून. माझ्या कपाटात लोहाच्या गोळ्या होत्या, त्यांत फॉलिक ॲसिड असतं अर्ध्या मिलिग्रॅमचं. पाच मिलिग्रॅमची गोळी तालुक्याहून मागवावी लागणार होती. पोलिओचा आठवडा तोंडावर होता, मासिक अहवाल राहिला होता. मी म्हणाले, "आता कुठं दिवस राहिलेत? पाळी चुकली की ये, तोवर मागवून ठेवते."

ती म्हणाली, "सोमवारी गाडी भरायलेत, बाई."

"मग आल्यावर बघू," म्हणून मी कागदाची घडी करून तिच्या हातात दिली. ती दारात क्षणभर थांबली आणि गेली.

त्या दोन-तीन मिनिटांचा मी फार विचार केला आहे. मला तिची काळजी नव्हती असं नाही. 'आधी' या शब्दाचा अर्थच मला कळला नव्हता. गोळ्या किती द्यायच्या हे मला पाठ होतं, कधी द्यायच्या याचं कारण ठाऊक नव्हतं. ते नंतर एका प्रशिक्षणात कळलं. डॉक्टरांनी फळ्यावर दिवस मांडून दाखवले. गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी मिटून पूर्ण होते. पाळी चुकते ती गर्भ राहिल्यावर साधारण १४ दिवसांनी. म्हणजे पाळी चुकल्यावर हातात उरतात दोनच आठवडे, आणि त्या दोन आठवड्यांत आमच्या बाया 'उन्हानं लांबली असेल, कामानं लांबली असेल' असं म्हणत मोळ्या उचलत असतात. ज्या दिवशी मी गोळी द्यायला बसायची, त्याच्या कितीतरी आधी नळी मिटलेली तरी असायची, नाहीतर उघडी राहिलेली असायची.

फाल्गुनात ती परत आली, चौथा महिना लागला होता. सोनोग्राफीत पुन्हा तेच दिसलं. गर्भ काढावा लागला.

१९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं याच प्रश्नावरच्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष छापला होता. असं बाळ आधी झालेल्या बायांना दिवस राहण्याआधीपासून ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं. गोळ्या दिल्या असत्या तर तिचं दुसरं बाळ नक्की वाचलं असतं, असं कुणी सांगू शकत नाही. पण ती संधी तिला मिळायला हवी होती. डॉक्टरांनी लिहून दिली होती, ती घेऊन तीन मैल चालत आली होती, आणि मी ती परत पाठवली.

त्यानंतर ती माझ्याकडं यायची बंद झाली. रस्त्यात भेटली तर पदर सारखा करून पुढं जायची. तीन वर्षांनी एक दिवस गोवराच्या लसीला मुलगी घेऊन आली. धडधाकट, मांडीवर उड्या मारणारी पोर. कार्ड दुसऱ्या उपकेंद्राचं होतं. मी काही विचारायच्या आधी तीच म्हणाली, "पंचमीला माहेरी गेले तवाच तिथल्या बाईकडून गोळ्या चालू केल्या. दिवाळीपतूर खाल्ल्या, मग फडात नेल्या." आवाजात राग नव्हता. तिच्या या दोन-तीन वाक्यांनी मला उरलेल्या नोकरीचं वेळापत्रक दिलं. नागपंचमी ते दिवाळी, जवळजवळ तीन महिने. पंचमीला लेकी माहेरी येतात, सुना घरात असतात, गाड्या अजून भरायच्या असतात. आमच्या जिल्ह्यात शरीराची तयारी करायला एवढाच मोकळा काळ मिळतो.

त्या वर्षापासून मी पंचमीच्या आठवड्यात वही घेऊन घरोघर जायला लागले. पहिला प्रश्न बदलला. 'पाळी चुकली का' याऐवजी 'यंदा मूल पाहिजे का' असं सुनेलाच विचारायला लागले. कितीतरी जणी आधी सासूकडं बघायच्या. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसायचा. 'नको' म्हणणाऱ्या बऱ्याच निघाल्या. मागचं बाळ वर्षाचंही झालेलं नसायचं. बाळंतपणानंतर निदान दोन वर्षं शरीराला सावरायला द्यावीत, हे मी भिंतीवरच्या तक्त्यावरून शिकवायची. पण गाडीत बसण्याआधी तांबी बसवून हवी का, हे कधी विचारलं नव्हतं.

रक्त तपासायला लागले तेव्हा दुसरी चूक सापडली. आठ-साडेआठ हिमोग्लोबिनच्या पोरी गोळ्या खात होत्या तरी आकडा हलत नव्हता. एकीला विचारलं, गोळी कधी घेतेस? म्हणाली, "तुमीच सांगितलं की, सकाळच्या च्यासंगं." खरंच होतं. विसरू नये म्हणून वर्षानुवर्षं मीच तसं सांगत होते. चहामुळं लोह नीट अंगी लागत नाही. किती हजार गोळ्या मी अशा वाया घालवल्या! मग सांगायला लागले: रात्री जेवणानंतर तासाभरानं घे, जेवणात लिंबू पीळ, चहा आणि गोळी एकत्र नको. आधी जंताची गोळी. फडावर भाकरी-ठेच्याशिवाय काही मिळत नाही, म्हणून जाताना हुलगे, मटकी, शेंगदाणे, गूळ बांधून ने. बाईचं हिमोग्लोबिन बारा असावं. आठाचं बारा व्हायला महिने लागतात, आणि तेही पोटात बाळ वाटेकरी नसताना सोपं. सातव्या महिन्यात माझ्याकडं आलेल्या बाईसाठी ते महिने मी कुठून आणणार होते?

मग बाकीचं एकेक दिसायला लागलं. मशेरी लावणाऱ्या सुना, तोंडात गुटखा धरून दारात बसलेले नवरे. त्यांच्याशी मी कधी बोललेच नव्हते. फिट येणाऱ्या बाईच्या औषधाची चिठ्ठी मी वाचत नव्हते. सोडियम व्हॅल्प्रोएटची गोळी चालू असेल तर बाळाच्या मणक्याला धोका वाढतो. ती स्वतःच्या मनानं बंद करायची नसते, दिवस राहण्याआधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायची असते. पांढरं पाणी जातंय म्हणणाऱ्या बाईला मी न तपासता चार गोळ्या द्यायची. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांची पाहणी झाली. ८२,३०९ जणींमध्ये १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तो आकडा वाचताना मला माझ्या त्या चार गोळ्या आठवल्या. बाळंतपण आणि पिशवी काढणं, या दोन वेळा सोडून त्या बायांच्या शरीराकडं कुणी नीट पाहिलंच नव्हतं. न पाहणाऱ्यांत मीही होते.

ॲनिमियामुक्त भारत हा कार्यक्रम २०१८ साली आला. मूल हवं असलेल्या बाईला दिवस राहण्याआधीपासून ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड रोज द्यावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ज्या गोष्टीसाठी ती पोर कागद घेऊन आली होती, ती आता सरकारी सूचनेत आहे. पण सूचना आपोआप गाडीत चढत नाही. कुणीतरी ती गोळी पिशवीत ठेवावी लागते.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात नवी सून असेल, लेक पंचमीला माहेरी येणार असेल, तर तिला त्याच आठवड्यात उपकेंद्रात घेऊन जा. रक्त तपासून घ्या, वजन करून घ्या आणि मूल कधी हवं ते तिलाच ठरवू द्या. आधीचं बाळ मणक्याच्या दोषाचं झालं असेल तर तो कागद जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवून जास्त ताकदीची गोळी लिहून घ्या. कपाटात गोळी नाही म्हणाले तर मागवायला लावा. आणि माझ्यासारखी कुणी 'पाळी चुकली की या' म्हणाली, तर दारातून परत फिरू नका. गोळी हातात पडेपर्यंत तिथंच थांबा.