सासूबाईंचा फोन

मैत्रिणींनो, तुमच्या नात्यागोत्यात कुणी ‘डिझाइन’ शिकतंय का? असेल, तर हळदीकुंकवाला कुणी विचारलं की काय सांगायचं, ही पंचाईत तुमच्याही वाट्याला आली असेल. डॉक्टर, वकील म्हटलं की पुढं बोलावं लागत नाही. डिझाइन म्हटलं की समोरची लगेच म्हणते, “म्हणजे ड्रेसचं का?”

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी डिझाइनच शिकते, पण ड्रेसचं नव्हे. माणसानं वस्तूला हात लावला, बटण दाबलं, काही बोललं, तर वस्तूनं काय उत्तर द्यावं आणि ते माणसाला कसं समजावं, हा तिचा विषय. लिफ्टचं बटण दाबलं की त्यात दिवा लागतो ना? तो लागला नाही तर आपण पुन्हा पुन्हा दाबत बसतो. तो दिवा असावा असं ज्याला सुचलं त्याचं जे काम, तेच हिचं काम. मी आता सगळ्यांना असंच सांगते.

हे काही कालचं खूळ नव्हे बरं का. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन नवराबायकोनं आपल्या सरकारला एक अहवाल लिहून दिला. त्यात त्यांनी भरभरून कौतुक कशाचं केलं असेल? आपल्या साध्या लोट्याचं! तो कडेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलतो, पाणी ओतताना हाताला कसा वाटतो, घासायला कसा पडतो, अशा प्रश्नांची ही लांबलचक यादी त्यांनी दिली. त्या अहवालातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, आणि १९६९ साली पवईला आयआयटीतही डिझाइनचं शिक्षण सुरू झालं. लोटा घासणाऱ्या बाईला हे प्रश्न कधीच सुचले असणार, पण तिला विचारतो कोण!

असो. मागच्या उन्हाळ्यात भाची साताऱ्याला आमच्याकडं महिनाभर राहायला आली ती एक प्रकल्प घेऊनच. कल्पना शोधायच्या, त्यातली एक निवडायची आणि ती चालती-बोलती करून दाखवायची. पहिले आठ दिवस पोरगी वही घेऊन गच्चीवर. कल्पना तर एकीपेक्षा एक झगमगीत. जवळ गेलं की रंग बदलणारी भिंत. साडी न नेसताच नेसल्यासारखी दाखवणारा आरसा. आणि झाकण उघडलं की पाककृती सांगणारा मसाल्याचा डबा! मी म्हटलं, “बाई गं, जिला फोडणी येते तिला डब्यानं सांगायला नको, आणि जिला येत नाही तिच्या घरी हा डबाच नसतो.” तिच्या सरांनी फोनवर निराळ्या शब्दांत हेच सांगितलं म्हणे. कल्पना शोधणं बंद कर आणि कुठल्यातरी एका माणसाकडं आठ दिवस नीट बघ.

तिनं सासूबाई निवडल्या.

आमच्या सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या. काचबिंदूनं त्यांची नजर गेली आहे. मोतीबिंदू असता तर शस्त्रक्रियेनं दिसलं असतं, पण काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. (घरात कुणाला असेल तर चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्या हो. हा चोर कडेकडेनं नजर खात येतो, दुखत-खुपत काही नाही.) घरात तारेचा फोन होता तोवर त्यांचं काही अडलं नव्हतं. पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, त्यावरून त्या सगळे आकडे ओळखत. तो फोन गेला आणि हातात आली गुळगुळीत काच. काचेवर बोटानं काय चाचपायचं? तुम्ही म्हणाल, बोलून फोन लावायची सोय आहे की. आहे ना! त्या “आक्काला लाव” म्हणाल्या, तर फोन लागला आकाश गॅसवाल्याला. दोनदा सिलिंडरची चौकशी झाल्यावर त्यांनी नाद सोडला.

तेव्हापासून फोन मीच लावून देते. त्या हाक मारतात, मी गॅस बारीक करते, हात पुसते, नंबर शोधते, त्यांच्या कानाशी धरते आणि शेजारीच भाजी निवडत बसते, कारण मध्येच काचेला गाल लागला की फोन बंद पडतो. भाचीनं वहीत हे सगळं पायरी-पायरीनं लिहून काढलं. मग मला वाचून दाखवलं. शेवटची ओळ अशी होती : ‘मावशी खोलीतच असते. आजी सगळ्यांना “बरं आहे” एवढंच म्हणतात.’

खरं सांगते, ती ओळ ऐकून मी हातातली वाटाण्याची शेंग तशीच धरून बसले. सून म्हणून आपण काय काय करतो याचा हिशेब आपल्या सगळ्यांकडं असतो. पण लेकीशी बोलायला बसलेल्या बाईला सुनेबद्दल दोन शब्द बोलायचे असतील, तर तिनं ते कधी बोलायचे? आपण आईला फोन करताना दार लोटून घेतोच ना?

भाचीनं मग मला एका जुन्या कामाची गोष्ट सांगितली. १९९२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ड्युरेल बिशप नावाच्या विद्यार्थ्यानं निरोप साठवणाऱ्या टेलिफोनची कल्पना मांडली. कुणाचा निरोप आला की यंत्रातून एक गोटी घरंगळत बाहेर येते. तीन गोट्या म्हणजे तीन निरोप. गोटी यंत्राच्या खळग्यात ठेवली की निरोप ऐकू येतो, फोनवर ठेवली की त्या माणसाला फोन लागतो. ते यंत्र बाजारात कधी आलं नाही, पण या विषयाच्या पोरांना ते आजही शिकवतात. काचेत अडकलेली गोष्ट त्यानं हातात दिली, असं भाची म्हणाली. मला ते फार आवडलं.

तिनं सुताराकडून लाकडाचे ठोकळे करून आणले. गोल म्हणजे नागपूरच्या वन्सं, त्रिकोण म्हणजे कोल्हापूरच्या आक्का, चौकोन म्हणजे डॉक्टर. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंचा त्रिकोण नागपूरला गेला. “पोरी, माझी लेक गोल आहे हे मी कशाला लक्षात ठेवू?” त्या म्हणाल्या, आणि उठून आपल्या कपाटाशी गेल्या. चाचपत चाचपत एकेक वस्तू काढली. आक्कांसाठी सागरगोटा, कारण दोघी बहिणी परकरात असल्यापासून सागरगोटे खेळायच्या. भावासाठी सुपारी. लेकीसाठी हळकुंड. नातवासाठी शर्टाचं बटण, कारण त्याचं एक तरी तुटलेलं असतंच. डॉक्टरांना वाळका आवळा! मी बाजारात गेले की मलाही फोन लागायला हवा, म्हणून माझ्यासाठी काय, तर शेगडीचं जुनं बटण. माझी छबी मला मिळाली. भाची पोट धरधरून हसली, आणि तिनं ठोकळे माळ्यावर टाकले.

लगेच यंत्र करायचं नसतं, ही या शिक्षणातली खुबी मला पटली. आधी खोटं यंत्र करून बघायचं. पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर वाटी, आणि पडद्याआड एक माणूस. या पद्धतीला ‘विझर्ड ऑफ ऑझ’ म्हणतात. १९०० साली आलेल्या त्या अमेरिकन बालकथेतला महाजादूगार पडद्यामागचा साधा माणूस निघतो ना, त्यावरून. तर आमच्या घरी जादूगार मी! मोबाइल आणि नंबरांची यादी घेऊन पडद्याआड बसायचं, सासूबाईंनी वाटीत काय ठेवलं ते फटीतून बघायचं आणि फोन लावायचा. सासूबाईंना काय, सगळं माहीत. वाटीत ठेवलं की पडद्याकडं तोंड करून ओरडायच्या, “सागरगोटा ठेवला गं!”

पण त्या पोरखेळातून एक गोष्ट कळली. वस्तू उचलली की फोन बंद, असं भाचीनं ठरवलं होतं. सासूबाई मात्र बोलता बोलता सागरगोटा उचलून तळहातावर घोळवायला लागल्या. जिच्याशी बोलतोय तिची वस्तू हातात हवीच की! म्हणजे फोन बंद करायची खूण दुसरी हवी. आणि आवाज खोक्यातून मोठ्यानं बाहेर येणार असेल, तर पुन्हा सगळ्या घराला ऐकू जाणार. माळ्यावर जुन्या फोनचा रिसिव्हर होता. त्यातला कर्णा आणि माइक काढून भाचीनं हेडफोनचे बसवले. रिसिव्हर कानाला, आणि बोलणं झालं की खाली. सासूबाईंच्या हाताला तो न शिकवता आठवला.

आतलं यंत्र म्हणाल तर फार नाही. वस्तू लाकडी चकत्यांवर चिकटवल्या आणि प्रत्येक चकतीच्या पोटात टिकलीएवढं एक तारेचं वेटोळं, त्यात एक क्रमांक. त्याला बॅटरी लागत नाही. पेटीतल्या दुसऱ्या वेटोळ्याच्या चुंबकी क्षेत्रातून त्याला तेवढ्यापुरती शक्ती मिळते आणि ते आपला क्रमांक सांगतं. मेट्रोचं कार्ड असंच चालतं. तो क्रमांक वाचून पेटीत दडवलेल्या जुन्या मोबाइलला कळवायला ‘आर्डुइनो’ नावाची छोटी पाटी. २००५ साली इटलीतल्या इव्ह्रिआ गावात डिझाइनच्याच विद्यार्थ्यांना स्वस्त पडावी म्हणून ती केली, आणि तिचं नाव तिथल्या एका बारवरून पडलं! सासूबाईंना पितळी तबक हवं होतं, पण धातूतून ते क्षेत्र पलीकडं जात नाही, म्हणून शेवटी करवंटी घासूनपुसून बसवली. जुना मोबाइल घरचाच. बाकी सगळं हजार-बाराशेत झालं.

आता एक गोष्ट राहिली. कपाटातून सासूबाईंनी सातवी वस्तूही काढली होती, मामंजींचं चुनाळं. मामंजी जाऊन अकरा वर्षं झाली. भाचीनं चाचरत विचारलं, “आजी, हे ठेवलं की काय व्हायला हवं?” तिच्या मनात त्यांचा जुना आवाज कुठं मिळतो का असं काहीसं होतं. सासूबाई म्हणाल्या, “काही नको. नुसतं त्यात राहू दे.” चुनाळं पितळेचं, तेव्हा साधी टिकली चाललीही नसती. धातूसाठी निराळ्या टिकल्या मिळतात, पण भाचीनं त्या मागवल्या नाहीत. कॉलेजात परीक्षकांनी नेमकं तेच उचललं. ‘हे काम करत नाही,’ असं एक जण म्हणाले. “ते बोलायचं काम करत नाही,” पोरीनं सांगितलं, “पण आजी रोज आधी ते करवंटीत ठेवतात आणि मग आक्कांना लावतात.” त्यावर बराच वाद झाला म्हणे. गुण किती पडले ते तिनं सांगितलं, पण आमच्या ह्यांना ते कमी वाटतात, म्हणून इथं लिहीत नाही.

प्रदर्शनासाठी पेटी आठवडाभर कॉलेजात हवी होती. सासूबाई द्यायला तयार नव्हत्या, मग दिली, पण चुनाळं ठेवून घेतलं. त्या आठवड्यात पुन्हा मीच फोन लावत होते आणि त्या पुन्हा सगळ्यांना “बरं आहे” म्हणत होत्या. पेटी एस.टी.च्या पार्सलनं परत आली त्या दुपारी मी ती त्यांच्या कॉटशेजारी मांडली, वायर लावली, चकत्या हाताशी ठेवल्या. त्यांनी चाचपून हळकुंड शोधलं.

“अगं,” त्या म्हणाल्या, “जाताना तेवढं दार लोटून घे.”